नखाएवढ्या क्लिपसाठी अर्धा लॅपटॉप बदलायचा?

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: कीबोर्डचं एक बटण निखळल्यावर सुटी क्लिप देण्यास नकार, आणि वॉरंटीच्या नोंदीत 'ग्राहकाकडून मोडतोड' असा चुकीचा शेरा

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचा लॅपटॉप घेऊन मला हा अकरावा महिना चालू आहे. बिलाची प्रत, अनुक्रमांकाचा फोटो, हेल्पलाइनवरच्या दोन्ही फोनचे नोंद क्रमांक आणि सर्व्हिस सेंटरने दिलेला कागद सोबत जोडला आहे. फोनवर आणि काउंटरवर जे सांगून झालं, ते आता लेखी सांगते आहे. या पत्राला उत्तरही लेखीच हवं आहे.

मी भाषांतराचं काम करते. दिवसाचे सात-आठ तास मराठी टाइप करण्यात जातात, तेही इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीत. ज्या बटणावर इंग्रजी ई छापलेलं असतं, त्याच बटणावर इनस्क्रिप्टमध्ये काना असतो, आणि शिफ्ट धरून ते दाबलं की आ उमटतो. 'सामानाचा' हा एक शब्द लिहायचा तर ते बटण चार वेळा दाबावं लागतं. निखळलं ते हेच बटण. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या प्रतिनिधीने मला विचारलं होतं, "एकच बटण आहे ना मॅडम, बाकी सगळं चालतंय ना?" बाकी सगळं चालत होतं. काना तेवढा धड येत नव्हता.

बटण एका दिवसात निखळलं नाही, आणि माझ्या तक्रारीचा मुख्य मुद्दा हाच आहे. आधी ते हलायला लागलं. शेजारची बटणं दाबली की सपाट खाली जातात आणि सपाट वर येतात. हे मात्र डाव्या कोपऱ्यात कलायचं. आवाजही बदलला होता, टक् ऐवजी थोडा पोकळ, खुळखुळल्यासारखा. मी त्याच आठवड्यात हेल्पलाइनला फोन केला. मला ड्रायव्हर अपडेट करायला आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायला सांगण्यात आलं. प्लास्टिकचा भाग ढिला झालाय, हे मी दोनदा सांगितलं. ड्रायव्हर अपडेट केला, बटण तसंच हलत राहिलं. नऊ दिवसांनी पुन्हा फोन केला, तेव्हा उत्तर मिळालं की बटण दाबलं जातंय आणि अक्षर उमटतंय, त्यामुळे बिघाड म्हणून नोंद करता येत नाही. तक्रार 'मार्गदर्शन केले' असा शेरा मारून बंद झाली. त्यानंतर तीन आठवड्यांनी टाइप करता करता बटण बोटाबरोबर वर आलं आणि टेबलावर पडलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप दोन मिनिटं हातात धरून बघितला गेला. भिंग वापरलं नाही, सुटं झालेलं बटण उलटंही करून पाहिलं नाही. कागदावर लिहिलं गेलं: ग्राहकाकडून मोडतोड, वॉरंटी लागू नाही. पुढे सांगितलं की एक बटण किंवा त्याची क्लिप सुटी मिळत नाही, आणि कीबोर्डही सुटा मिळत नाही, कारण तो वरच्या कव्हरला प्लास्टिकचे खुंट वितळवून कायमचा बसवलेला आहे. म्हणून हात टेकवायची पूर्ण पट्टी, टचपॅड आणि कीबोर्ड असा अख्खा भाग बदलावा लागेल. त्याचा जो आकडा मला दिला, तो लॅपटॉपच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे. शिवाय मशीन चार आठवडे जमा ठेवायचं. माझं सगळं काम त्याच मशीनवर आहे. मी लॅपटॉप परत घेऊन आले.

घरी आल्यावर पांढऱ्या कापडावर ते बटण ठेवून भिंगाखाली पाहिलं. आपल्या तंत्रज्ञाने जे पाहायला हवं होतं, ते मी इथे लिहिते.

या कीबोर्डचं प्रत्येक बटण म्हणजे चार गोष्टी. वर अक्षर छापलेली कॅप. तिच्याखाली एकमेकांत अडकवलेल्या दोन बारीक प्लास्टिकच्या चौकटींची, कात्रीसारखी उघडमीट करणारी क्लिप. मधोमध रबराची छोटी घुमटी. आणि तळाशी धातूचा पत्रा, ज्याच्या बारीक आकड्यांमध्ये क्लिपच्या पिना अडकतात. बोटाने कॅप दाबली की घुमटी खचते आणि खालच्या पडद्यावर संपर्क होऊन अक्षर उमटतं. बोट उचललं की घुमटीच कॅपला वर ढकलते. बटण कलू न देता सरळ खाली-वर नेण्याचं काम मात्र क्लिपचं. बटण कलायला लागलं की पहिला संशय क्लिपवरच घ्यायला हवा. मी पहिल्या फोनमध्ये नेमकं हेच वर्णन केलं होतं.

माझ्या बटणाची कॅप धड होती, तिच्या खालच्या खाचाही शाबूत होत्या. रबरी घुमटी जागच्या जागी होती आणि बोटाच्या टोकाने दाबली की अक्षर नीट उमटत होतं. पत्र्याचे आकडे सरळ होते. तुटली होती ती क्लिपच्या आतल्या चौकटीची एक पिन. ती तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असेल. तिच्या मुळाशी प्लास्टिक पांढुरकं पडलेलं होतं. प्लास्टिक वाकत गेलं की असं पांढरं पडतं. कोणी बटण उचकटलं असतं तर कॅपच्या कडेवर ओरखडा असता, पत्र्याचा आकडा वाकला असता. यातलं काहीही नाही. भिंगातून काढलेले तिन्ही फोटो सोबत आहेत, ते आपल्या तंत्रज्ञाला दाखवावेत आणि 'मोडतोड' हा शब्द कशावरून वापरला, ते मला सांगावं.

आता दुरुस्तीबद्दल. ती मी घरीच केली, आणि कशी केली ते लपवणार नाही. उद्या आपल्याकडून 'ग्राहकाने छेडछाड केली' असं पत्र यायला नको, म्हणून सगळं सांगते.

लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला. मराठी टाइप करताना झेडची गरज मला जवळपास पडत नाही, म्हणून झेडची क्लिप ईला लावायचं ठरवलं. स्पेस, एंटर, शिफ्ट अशा लांब बटणांखाली क्लिपबरोबर धातूची आधार-तारही असते, त्यामुळे ती बटणं या कामाची नाहीत. अक्षरांची एकाच मापाची बटणं असतील तरच क्लिप जुळण्याची शक्यता. आधी झेडचा सगळ्या बाजूंनी फोटो घेतला. मग अडचण आली: कॅप कोणत्या कडेने उचलायची? काही कीबोर्डमध्ये ती वरून सुटते, काहींमध्ये खालून किंवा बाजूने. चुकीच्या बाजूने जोर लावला तर चांगली पिनसुद्धा तुटते. आपल्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही. हेल्पलाइनला विचारलं तर 'ही माहिती ग्राहकांना देता येत नाही' असं उत्तर आलं. शेवटी ईच्या कॅपखालच्या खाचा पाहून अंदाज बांधला. दोन खाचा बंद होत्या, तिथे पिन आत सरकते. दोन उघड्या होत्या, तिथे पिन दाबून बसते. उघड्या खाचांच्या बाजूने प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली आणि अगदी हळू उचललं. दोन बारीक टिकटिक आवाज आले आणि कॅप सुटली. तेवढ्या क्षणात माझा श्वास अडकला होता. ती एक ओळ आपण छापली असती, तर हे अंदाजावर करावं लागलं नसतं.

दोन्ही क्लिप शेजारी ठेवून पाहिल्या, माप एकच होतं. ईच्या जागेवरचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेल्या कापसाच्या काडीने पुसला, आकड्याखाली अडकलेला एक केस चिमट्याने काढला, वाळू दिलं. आधी क्लिप पत्र्याच्या आकड्यांत अडकवली आणि ती दोन-तीनदा उघडमीट करून पाहिली. घुमटी बरोबर मध्ये आहे ना, ते बघितलं. मग कॅप वर ठेवून बंद खाचांची बाजू आधी सरकवली आणि उरलेली बाजू अंगठ्याने दाबली. टक् आवाज आला. दहा मिनिटांचं काम झालं. तेव्हापासून काना येतोय, आणि बटण सरळ खाली जाऊन सरळ वर येतंय.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मला एक सल्लाही मिळाला होता, तो गंभीर आहे म्हणून लिहिते. "झटपट चिकटणारा गोंद लावून बसवून टाका" असं सांगितलं गेलं. या बटणाचा प्रत्येक सांधा हलायलाच हवा. गोंदाचा एक थेंब पिनेत उतरला तर क्लिप कायमची जाम होते, घुमटीवर गेला तर तिचा लवचीकपणा जातो, आणि त्या गोंदाच्या वाफेने आजूबाजूला पांढरा थर धरतो. मी तो सल्ला ऐकला असता, तर आज आपला 'मोडतोड' शेरा खरा ठरला असता. अधिकृत सेंटरमधून असं कोणालाही सांगितलं जाऊ नये. कृपया तिथल्या कर्मचाऱ्यांना लेखी सूचना द्या.

एक बटण सुटं दुरुस्त होतं, हे मी माझ्या हट्टापायी म्हणत नाही. ॲपलने 2015 साली 12 इंची मॅकबुकमध्ये फुलपाखराच्या पंखांसारखी उघडणारी नवी क्लिप आणली, तिच्याबद्दल तक्रारी वाढल्या, आणि जून 2018 मध्ये कंपनीने ठरावीक मॉडेलांसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. पहिल्या विक्रीपासून चार वर्षांपर्यंत ती लागू होती, आणि दुरुस्तीत एक किंवा अधिक बटणं किंवा अख्खा कीबोर्ड बदलला जाईल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. 2019 मध्ये 16 इंची मॉडेलपासून त्यांनी कात्रीची क्लिप परत आणली. फ्रान्समध्ये तर 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉप विकताना दुरुस्तीयोग्यतेचे 10 पैकी गुण दाखवणं सक्तीचं झालं. दुरुस्तीची माहिती मिळते का, भाग सुटे होतात का, सुटे भाग मिळतात का आणि कितीला, हे सगळं त्या गुणांत मोजलं जातं. आपलं मॉडेल या चारही प्रश्नांना काय उत्तर देईल, हे आपणच तपासून बघावं.

कीबोर्ड वरच्या कव्हरला वितळवून बसवल्याने मशीन पातळ होतं, जोडणी स्वस्त पडते, हे मला समजतं. पण मग रोज हजारो वेळा दाबला जाणारा, सगळ्यात आधी झिजणारा भागच आपण सगळ्यात बदलायला अवघड केला आहे. ती बारीक क्लिप आपण सुटी विकली असती, तर माझं काम एक दिवसही अडलं नसतं. टचपॅड धड आहे, कव्हर धड आहे, उरलेली सगळी बटणं धड आहेत. हे सगळं एका तुटक्या पिनेसाठी कचऱ्यात टाकायला मी तयार नाही, आणि दुसऱ्या ग्राहकालाही आपण ते सांगू नये.

झेडची जागा आज रिकामी आहे. तिची कॅप एका छोट्या डबीत ठेवली आहे. इंग्रजी मजकुरात झेड आला, किंवा चुकीचं पुसलेलं परत आणायला कंट्रोल आणि झेड एकत्र दाबायचं असलं, की उघड्या रबरी घुमटीवर बोटाचं टोक टेकवते. ते चालतं, पण घुमटीवर धूळ बसते आहे. फार काळ तशी ठेवता येणार नाही.

म्हणून माझी पहिली मागणी त्या एका क्लिपची आहे. याच मॉडेलच्या अक्षर-बटणाची एक क्लिप मला पाठवावी. वॉरंटीत देता येत नसेल तर विकत द्यावी, मी पैसे द्यायला तयार आहे. बसवण्यासाठी माणूस पाठवू नका, मी बसवीन. दुसरं, माझ्या नोंदीतला 'ग्राहकाकडून मोडतोड' हा शेरा काढून तिथे लिहावं की बटण सुटण्याआधी ते ढिलं झाल्याचं ग्राहकाने दोनदा कळवलं होतं. दोन्ही फोन आपल्याकडेच नोंदलेले आहेत, त्यामुळे हे तपासायला वेळ लागणार नाही. मी लॅपटॉपचा एकही स्क्रू सोडवलेला नाही. दोन कॅप आणि दोन क्लिप सोडून कशालाही हात लावलेला नाही. उरलेली वॉरंटी पूर्ण चालू आहे, हे लेखी कळवावं.

याशिवाय आपल्या संकेतस्थळावर या मॉडेलच्या बटणांचं एक चित्र टाकावं: कॅप कोणत्या बाजूने उचलायची, क्लिप आधी कुठे अडकवायची, आणि कोणत्या बटणाला कोणती क्लिप लागते. आणि बटण ढिलं झाल्याचा फोन आला, तर तो बिघाड म्हणून नोंदवून घ्यावा. माझी क्लिप त्या वेळी बदलली असती, तर हे पत्र लिहायची गरजच पडली नसती.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास हेच पत्र सर्व जोडपत्रांसह ग्राहक आयोगाकडे दाखल करीन.

आपली,
(स्वाक्षरी)

सोबत: बिलाची प्रत, अनुक्रमांकाचा फोटो, हेल्पलाइनच्या दोन नोंदींचे क्रमांक, सर्व्हिस सेंटरच्या कागदाची प्रत, तुटलेल्या क्लिपचे तीन फोटो. मूळ तुटकी क्लिप माझ्याकडे जपून ठेवली आहे. तपासणीसाठी मागितल्यास पोच घेऊन देईन.