एक फोन एकदाच मोजा : गृहमंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहमंत्री यांस,

सादर नमस्कार.

वर देशाचं नाव नाही, ते विसरल्यामुळे नव्हे. गेल्या तीसेक वर्षांत हे पत्र वॉशिंग्टन, लंडन, कॅनबेरा, ब्रसेल्स किंवा दिल्ली, कुठल्याही पत्त्यावर टाकलं असतं तरी मजकूर फारसा बदलावा लागला नसता. खुर्चीतली माणसं बदलतात, पक्ष बदलतात, मागणी मात्र तीच राहते. गुन्हेगार कुलूपबंद, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणालाच वाचता न येणाऱ्या, संदेशांच्या आडोशाला बसतात, म्हणून त्या कुलपाची एक जादा किल्ली पोलिसांसाठी करून ठेवा. अमेरिकेने १९९३ मध्ये 'क्लिपर' नावाची चिप पुढे केली, तेव्हा किल्लीचे दोन तुकडे करून ते दोन सरकारी खात्यांकडे ठेवायचे ठरले होते. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकाने ही पाळत चुकवून चिपचं कुलूप तेवढं वापरता येतं हे दाखवून दिलं, आणि दोन-तीन वर्षांत ती योजना बारगळली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये असे संदेश वाचायला कंपन्यांनी पोलिसांना मदत करावी, असा नवा कायदा केला. भारताने २०२१ च्या नियमांत किल्ली मागितली नाही, पण 'हा संदेश सर्वांत आधी कोणी पाठवला ते सांगा' असा आग्रह धरला. ब्रिटन सरकारच्या गुप्त आदेशाची बातमी फुटल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने तिथे आयक्लाउड या आपल्या ऑनलाइन साठवणीचं सर्वांत मजबूत संरक्षण देणंच थांबवलं. आता आपलं विधेयक येतंय असं ऐकतो.

मी सॉफ्टवेअर लिहितो. कायद्यातलं मला जेमतेम कळतं. पण कुलपं कशी तुटतात, हे बऱ्यापैकी जवळून पाहिलंय.

आधी आपली बाजू. आपली अडचण खोटी नाही. अपहरण झालेल्या माणसाचा माग एखाद्या फोनमध्ये आहे, फोन टेबलावर पडलाय आणि उघडत नाही, अशा वेळी तपास अधिकाऱ्याच्या जिवाची काय घालमेल होत असेल, ते समजू शकतं. लहान मुलांवरच्या अत्याचारांची छायाचित्रं कुलूपबंद मार्गांनी फिरतात, हेही खरं. माझ्या बाजूच्या बऱ्याच मंडळींना हे कबूल करणं जड जातं. न्यायाधीशाच्या सहीचं रीतसर वॉरंट निघालं तरी ते 'हुकूमशाही आली' म्हणून बोंब ठोकतात. आणि आपल्या बाजूची मंडळी 'कर नाही त्याला डर कशाला' एवढं म्हणून मोकळी होतात.

या म्हणीचा मला कंटाळा आला आहे. ती कुलपाला लागूच पडत नाही. मी काय केलं हा मुद्दा नसून माझी किल्ली कोणाच्या हातात जाईल, हा मुद्दा आहे. खटल्यातली साक्षीदार, पोलिसांचा खबऱ्या, निकाल लिहीत असलेला न्यायाधीश, नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून पत्ता लपवून राहणारी बाई, यांपैकी कोणीही काही 'केलेलं' नाही आणि डर सगळ्यांनाच आहे. आपल्या खात्यातले अधिकारीही तीच ॲप्स वापरत असतील. म्हणजे त्यांचं कुलूपही तेच.

हे कुलूप चालतं कसं, ते दोन वाक्यांत सांगतो. संदेश बंद करणारी आणि उघडणारी किल्ली बोलणाऱ्या दोघांच्या फोनमध्येच तयार होते आणि तिथेच राहते. मधली कंपनी फक्त बंद पाकीट इकडून तिकडे नेते. त्यामुळे 'कंपनी माहिती देत नाही' ही तक्रार जरा चुकीच्या जागी जाते, कारण पाकिटातलं तिच्याकडे नसतंच. ते तिच्याकडे यायचं, तर सगळ्यांचं कुलूप बदलावं लागेल. २०१८ मध्ये ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणेतल्या दोन तज्ज्ञांनी एक मधला उपाय सुचवला होता : फक्त संशयिताच्या संभाषणात एक तिसरा, अदृश्य श्रोता बसवायचा. ऐकायला नेमस्त वाटतं. पण त्यासाठी ॲपने आपल्या मालकाशी खोटं बोलायला शिकावं लागतं, आणि ते शिकलेलं ॲप संशयिताच्या एकट्याच्या फोनमध्ये नसतं, सगळ्यांच्या असतं.

आता माझी एक जुनी चूक सांगतो. एका नोकरीत ग्राहकांच्या खात्यात काही अडकलं तर चटकन बघता यावं, म्हणून मी एक आतली वाट लिहिली होती. पासवर्ड तिघांनाच, तोही दोन महिन्यांपुरता. चारेक वर्षांनी भलतंच काहीतरी शोधत असताना लॉगमध्ये दिसलं, की त्या वाटेने रोज कोणीतरी ये-जा करतंय. तिघांपैकी दोघं नोकरी सोडून गेले होते. तिसरा मी, आणि मला ती वाट आठवतही नव्हती. पासवर्ड कधीतरी कुणाच्या तरी सोयीसाठी सामायिक फाइलीत जाऊन बसला होता. आत शिरणारा कोणी नामांकित हॅकर नव्हता. आमच्यातलाच एक कर्मचारी आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीचं खातं वाचत होता. त्या वाटेला मी नाव दिलं होतं 'तात्पुरती'.

एका कंपनीत हे होतं, देशात होणार नाही, असं आपले सल्लागार म्हणतील. त्यांना अथेन्सबद्दल विचारा. ग्रीसमधल्या व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये एरिक्सन या कंपनीचं सॉफ्टवेअर होतं आणि त्यात कायदेशीर टॅपिंगची सोय कारखान्यातूनच आलेली होती. कंपनी ती वापरत नव्हती. २००४ च्या ऑलिम्पिकच्या सुमारास कोणीतरी आत शिरून ती गुपचूप जागी केली, आणि शंभरावर मोबाइल महिनोन्‌महिने ऐकले. त्यात पंतप्रधान कोस्तास करामनलिस होते, परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांचे मंत्री होते. मार्च २००५ मध्ये कंपनीला पत्ता लागला, लोकांना कळायला फेब्रुवारी २००६ उजाडला. टॅपिंगसाठी आणलेलं यंत्र चोरावं लागलं नाही, ते जागेवरच होतं. मंत्रिमहोदय, आपण ज्या सोयीची मागणी करता आहात, तिच्या बळींत मंत्रिमंडळातलेही होते, हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, तर अलीकडची घ्या. अमेरिकेने १९९४ मध्ये कायदा करून सगळ्या टेलिफोन कंपन्यांना टॅपिंगची सोय ठेवायला लावली. २०२४ मध्ये उघडकीस आलं, की चीनशी संबंध असल्याचं अमेरिकी सरकार सांगतं अशी एक टोळी तिथल्या मोठ्या दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यात शिरून बसली होती, आणि न्यायालयाच्या आदेशावरून पोलिसांनी मागवलेली काही माहितीही तिने उचलली होती. कोणावर पाळत आहे, याची यादी शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा वाईट काय असतं, ते आपण मला सांगावं. त्यानंतर डिसेंबरमध्ये त्याच सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना लेखी सल्ला दिला : एंड-टू-एंड कुलूप (किल्ली फक्त दोन्ही टोकांच्या फोनांत) असलेली ॲप्सच वापरा. त्याच कुलपाविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रार करत आलेल्या एफबीआयचे अधिकारीही तेव्हा कुलूप वापरायचा सल्ला देत होते, फक्त ते 'जबाबदारीने सांभाळलेलं' असावं, एवढी पुस्ती जोडून.

पहिल्या प्रेषकाचा माग काढण्याच्या कल्पनेवर थोडं थांबतो, कारण ती सर्वांत निरुपद्रवी वाटते. मजकूर नको, फक्त मूळ कोण ते सांगा. पण आज पाठवलेला कोणता संदेश सहा महिन्यांनी गुन्ह्यात सापडेल, हे आज कोणालाच माहीत नसतं. म्हणून प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशाची काहीतरी खूण आजपासूनच साठवून ठेवावी लागेल. वाढदिवसाच्या शुभेच्छांचीसुद्धा. आणि एवढं करून हाती काय येणार? दुसरीकडून आलेला मजकूर नकलून ज्याने पहिल्यांदा या ॲपवर टाकला, त्याचं नाव. मूळ लिहिणारा तोच असेल, याची खात्री नाही. साप म्हणून भुई धोपटायची, आणि सापाऐवजी त्या वाटेने जाणारा कोणी सापडला तर त्याला कोठडीत टाकायचं.

तिसरी सूचना : फोनमध्येच एक तपासनीस बसवा, जो छायाचित्र कुलूपबंद होण्याआधी पाहील. ॲपलने ऑगस्ट २०२१ मध्ये अशी योजना जाहीर केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये गुंडाळली. युरोपात २०२२ पासून यावर वाद झडताहेत. इथे मी नुसतं गणित मांडतो. समजा दिवसाला शंभर कोटी छायाचित्रं पाठवली जातात आणि आपला तपासनीस हजारात एकदाच चुकतो. फारच हुशार म्हणायचा. तरी रोज दहा लाख निर्दोष छायाचित्रं संशयित ठरतील. ती बघायला माणसं कुठून आणणार? आणि दहा लाखांच्या त्या ढिगात जी खरी पाच-पन्नास असतील, ती वेळेत सापडतील? २०२२ मध्ये एक प्रकरण गाजलं होतं. अमेरिकेतल्या एका बापाने आजारी मुलाच्या दुखऱ्या भागाचा फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढला. गूगलच्या यंत्रणेने तो अत्याचार ठरवला आणि पोलिसांपर्यंत कळवलं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नसल्याचं लिहून दिलं. तरी त्याचं खातं परत मिळालं नाही. ईमेल, फोन नंबर, मुलाच्या जन्मापासूनचे फोटो, सगळं गेलं. निर्दोष असल्याचा पोलिसांचा कागद असूनही.

आता आपण विचाराल, मग आम्ही हातावर हात ठेवून बसायचं का? नाही. तसं कोणी बसलेलंही नाही. पाकिटाच्या आतलं दिसत नसलं तरी कोण कोणाशी, कधी, किती वेळ बोललं, फोन कुठे होता, यातलं बरंच वॉरंट दाखवून मिळतं. क्लाउडवर पडलेल्या नकला पुष्कळदा उघड्याच असतात. समोरचा माणूस फितला, तर संभाषण त्याच्या फोनमध्ये सगळं वाचता येतं. फ्रेंच आणि डच पोलिसांनी २०२० मध्ये गुन्हेगारांच्या आवडीची एन्क्रोचॅट ही सेवा आतून फोडली. तीन वर्षांत त्यातून ६,५५८ जण पकडले गेल्याचं युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेने सांगितलं. एफबीआयने तर 'ॲनम' नावाची सेवा स्वतःच चालवली आणि तिचे फोन गुन्हेगारांच्या हाती दिले. जून २०२१ मध्ये जाळं ओढलं तेव्हा ८०० वर माणसं अडकली. या कारवायांबद्दलही प्रश्न आहेत, एन्क्रोचॅटच्या पुराव्यांवरून न्यायालयांत बरंच भांडण झालं आहे. पण कोट्यवधी सामान्य लोकांचं कुलूप त्यासाठी खिळखिळं करावं लागलं नाही.

अशा कामाला माणसं लागतात, पैसा लागतो, महिने जातात. मला ही त्यातली खोट वाटत नाही. एका फोनसाठी एवढे कष्ट पडणार असतील, तर अधिकारी तो फोन निवडताना दहादा विचार करतो. बटण दाबून उघडणार असेल, तर कशाला करेल?

अमेरिकेतल्या सान बर्नार्डिनोचा फोन आपल्याला आठवत असेल. डिसेंबर २०१५ च्या हल्ल्यात १४ लोक मारले गेले. हल्लेखोराचा आयफोन उघडण्यासाठी ॲपलने खास सॉफ्टवेअर लिहून द्यावं, असा न्यायालयीन आदेश एफबीआयने फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळवला. दुसरा काहीच मार्ग नाही, असं सांगण्यात आलं होतं. मार्चअखेर मार्ग निघाला. एका बाहेरच्या माणसाने फोन उघडून दिला आणि खटला मागे घेतला गेला. दोन वर्षांनी त्यांच्याच न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला. एफबीआयच्या एका विभागाचा हात कुठवर पोचलाय, हे दुसऱ्या विभागाने धड विचारलेलंच नव्हतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आणि ज्या गोष्टीसाठी मुळात हे पत्र लिहायला घेतलं, ती आता. एफबीआय बरेच महिने सांगत होती, की एका वर्षात सुमारे ७,८०० फोन हाती असूनही उघडता आले नाहीत. संचालकांच्या भाषणांत तो आकडा होता, संसदेपुढे होता, वर्तमानपत्रांत होता. त्यावरून कायदा करा, असं म्हटलं जात होतं. मे २०१८ मध्ये एफबीआयने कबूल केलं, की मोजणी चुकली. माहिती तीन वेगवेगळ्या नोंदींतून घेतली होती आणि तेच ते फोन पुन्हापुन्हा मोजले गेले होते. खरा आकडा हजार ते दोन हजारांच्या आसपास असावा, असं तेव्हा सांगितलं गेलं.

आपल्या विधेयकासोबतच्या निवेदनात 'असंख्य प्रकरणांत तपास खुंटला आहे' असं वाक्य असेल. प्रत्येक देशाच्या निवेदनात असतं. मला त्या 'असंख्य'ची संख्या हवी आहे. गेल्या वर्षी किती फोन जप्त झाले, त्यांतले किती उघडले नाहीत, न उघडल्यामुळे किती तपास खरोखर थांबले आणि किती दुसऱ्या पुराव्यावर पूर्ण झाले. किती फोन केवळ न्यायवैद्यक प्रयोगशाळेत माणूस नाही म्हणून रांगेत पडून आहेत. हे आकडे जिल्हावार, सभागृहाच्या पटलावर, चर्चेच्या आधी मांडावेत. आणि एखाद्या संशयिताच्या फोनमध्ये शिरायची वेळ आलीच, तर त्यावर न्यायाधीशाची सही, नाव घालून एकच फोन, ठरलेली मुदत, आणि तपास संपल्यावर त्या माणसाला लेखी कळवणं, एवढं विधेयकात लिहावं. किल्लीचं कलम तोवर बाजूला ठेवावं.

मोजणी कोणाकडेही द्या, माझी हरकत नाही. फक्त एक फोन एकदाच मोजायला सांगा.

आपला,
सॉफ्टवेअर लिहिणारा एक नागरिक