व्हीलचेअर मिळाली, माप घेणारं माणूस कुठंय?

मा. दिव्यांग कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितेय.

माझा दादा आंबे काढताना झाडावरून पडला, मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं सगळं गेलं. पुढच्या वर्षी एका शिबिरात त्याला व्हीलचेअर मिळाली, नाव पुकारलं, फोटो काढला, खुर्ची टेम्पोत टाकून आम्ही घरी. माप कोणी घेतलंच नाही. दादा अंगाने बारीक आणि सीट एवढी रुंद की तो सारखा एका बाजूला कलंडायचा, खाली गादी नाही, पाय फुटरेस्टला टेकत नाहीत, त्यात आमच्या घरी यायला जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, पुढची छोटी चाकं तिथे अडकायची. तीन महिन्यांत बैठकीला जखम झाली. त्याला तिथे काही जाणवतच नाही, त्यामुळे आईच्या लक्षात आलं तोवर ती खोल गेलेली. आठ महिने पालथा झोपून काढले त्याने आणि खुर्ची पडवीत धूळ खात.

मग ओळखीतून एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या) ताई मिळाल्या. थेरपिस्ट, कृत्रिम हात-पाय बनवणारे टेक्निशियन, स्क्रीन रीडर (अंधांना स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) शिकवणारे आणि स्वतः दिव्यांग असलेले अनुभवी लोक अशांचा त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ताईंनी व्हिडिओ कॉलवर आईच्या शिवणाच्या टेपने माप घ्यायला लावलं, कुठली गादी ते सांगितलं, दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन अंग उचलायला शिकवलं. फुटरेस्ट गावातल्या वेल्डरने वर घेऊन दिला. आज दादा मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो, आणि तोही त्याच ग्रुपमध्ये आहे, कोणाला नवीन मणक्याची इजा झाली की रात्री फोनवर समजावत बसतो.

साहेब, ही काही नवी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ सालीच लिहून ठेवलंय की व्हीलचेअर देताना तपासणी, माप, फिटिंग, ट्रेनिंग आणि नंतरची दुरुस्ती हे सगळं त्या देण्यातच येतं. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून दिव्यांगांना साधनं वाटतेय. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग मोजले गेले. एवढ्या माणसांनी ओळखीवर किती दिवस काढायचे?

२०२२ मध्ये तुमचा स्वतंत्र विभाग झाला तेव्हा आम्हाला खरंच आनंद झाला होता. आता एक करा, ताईंच्या ग्रुपमधल्यासारख्या लोकांचं जिल्हावार नेटवर्क सरकारने उभं करा, जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्राला जोडून, त्यात वेल्डर आणि सायकलवालाही घ्या, आणि दादासारख्यांना सल्लागार म्हणून मानधन द्या, कारण जखम कशी टाळायची हे त्याच्याएवढं कोणालाच माहीत नाही. शिबिरात मापाची नोंद असल्याशिवाय एकही खुर्ची जाऊ देऊ नका आणि तीन महिन्यांनी घरी फोन लावा.

पहिली मीटिंग ठरली की कळवा, दादा येईल. फक्त जागा अशी बघा जिथल्या टॉयलेटच्या दारातून व्हीलचेअर आत जाते.

तुमची,
एक बहीण