मच्छरदाणीबद्दल लिहायचं नव्हतं

नाशिक, रविवार दुपार

प्रिय शालू,

येशूच्या नावात सलाम.

तुझा लांबलचक मेसेज मलावीतून शुक्रवारी रात्री आला. पप्पांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला घेतला आणि मधेच फोन माझ्या हातात देऊन ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यातल्या मच्छरदाणीबद्दल एक शब्द लिहायचा नाही असं ठरवूनच आज चर्चहून आल्या आल्या लिहायला बसले आहे.

मुलगा गेला त्या घरी तू भेटायला गेलीस हे फार बरं केलंस. बायका आत चटयांवर त्या आईला धरून बसलेल्या, पुरुष बाहेर अंगणात, आणि येणारी बाई डोक्यावर सरपण नाहीतर टोपलीभर मक्याचं पीठ घेऊन येते, हे वाचताना मला काही परकं वाटलं नाही गं. आपल्याकडेही मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीच पिठलं-भाकरी आणतात. तू लिहितेस की ‘पेपानी’, म्हणजे ‘वाईट वाटतं’, एवढा एकच शब्द तुला येत होता, तोच म्हणत राहिलीस, मग तोही तोंडातून निघेना. नाही निघाला तर नाही. बायबलातल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. बोलायला लागले आणि सगळं चुकलं.

तुझा दादा, आपला आशू गेला तेव्हा किती जण म्हणाले, ‘देवाला आवडला.’ मंडळीतलीच माणसं, चांगली माणसं. मी मान हलवायची. मथुरामावशी तेवढी काही बोलली नाही. पहाटेच्या एसटीनं आली, पदर खोचला आणि मोरीत बसून दूध करपलेलं पातेलं घासायला लागली. राख घेऊन किती वेळ घासत होती. त्या आवाजानं मला पहिल्यांदा रडू फुटलं. तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतीस.

त्या मुलाचं वय तू चार लिहिलंस. आशू साडेचारचा होता.

म्हणून सांगते, स्वतःची मच्छरदाणी काढून त्या घरात बांधून आलीस, आता तू कशात झोपतेस? मागची दोन लहान पोरं उघड्यावर निजत होती, म्हणून दिलीस. कळतं मला. मीही दिली असती. पण हा पावसाळ्याचा भर, तुमच्याकडे मार्च-एप्रिलपर्यंत तो हटत नाही. मलेरियाचा डास रात्रीच चावतो. आणि गोळ्या चालू आहेत म्हणून निर्धास्त राहायचं नसतं. अंग नुसतं कसकसलं तरी त्याच दिवशी बोटातून रक्त काढून तपासायचं. ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. मी म्हटलं होतं ‘उद्या बघू’. पोराला कढत चहा दिला, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या, आणि एक दिवस घालवला. दुसऱ्या रात्री ती काचपट्टी पप्पांनीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. नंतर तीस वर्षं त्याच खुर्चीवर बसून लोकांच्या काचपट्ट्या पाहिल्या, त्या एकीबद्दल ते अजून बोलत नाहीत.

बघ, सुरू झालं माझं. माफ कर. तू नर्स आहेस, गावोगाव जाऊन आयांना हेच समजावतेस, आणि मी तुला शिकवते आहे. मलेरियाची लस 2019 साली सगळ्यात आधी मलावीतच द्यायला सुरुवात झाली, हे मी वाचलं तेव्हा शेजारच्या सगळ्यांना सांगितलं, की आमची शालू तिथेच आहे. मुलांजेचा डोंगर फोनवर उघडून दाखवला. 2023 मध्ये फ्रेडी वादळानं त्याच भागात दरडी आणल्या हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

लहानपणी आजोबा तुला शरणपूरच्या कबरस्तानाजवळून नेताना सांगायचे ते आठवतं? गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकेची पोरं इथे मिशनमध्ये राहून शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट, तुमच्या त्या मलावी सरोवराकडचा, याओ जमातीचा मुलगा. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी लिविंग्स्टन वारला तेव्हा त्याचं काळीज झाडाखाली पुरताना प्रार्थना यानंच वाचली. मग त्याच्या माणसांनी ते शव खांद्यावर घेऊन नऊ महिन्यांनी समुद्रकाठ गाठला. वाचायला तो नाशकात शिकलेला. तिकडून इकडे आलेल्या लेकरांना आपल्या गावानं सांभाळलं, आता आपली लेक तिकडे. आजोबा असते तर दर रविवारी मंडळीत उभं राहून सांगितलं असतं. लिविंग्स्टनला तरी काय झालं होतं, ताप आणि हगवण. त्याची बायकोही तापानंच गेली. असो.

पुन्हा जाशील त्या घरी? महिन्याभरानं जा. तेव्हा कुणी येत नाही. हातात पीठ घेऊन जा, आणि त्या बाईला त्याचं नाव घेऊन काही विचार, काय खायचा, कशाला हसायचा. आशूचं नाव आता मी आणि पप्पा सोडून कुणी घेत नाही. सॅम घेतो कधीमधी.

परत ये असं मी म्हणत नाही. पप्पा तर म्हणतात, म्हणायचंच नाही. पण काल दुपारी उन्हात कुठे गेले होते, तर मेन रोडवरून दोन मच्छरदाण्या घेऊन आले. सॅमच्या ओळखीचे पुढच्या महिन्यात तुमच्या ब्लँटायर शहरात येतायत, त्यांच्याकडे देते. तोवर कुणाची तरी मागून घे, लाजू नकोस. दोन्ही चौकोनी आहेत. एक तुला द्यावीशी वाटेल त्या घरात दे. दुसरी देऊ नकोस, शालू. चार कोपऱ्यांना चार खिळे लागतील, ते पुडी करून आतच ठेवते.

तुझी,
आई