फळ्यांचा रंग का फुगतो

पुणे

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

माडीच्या पश्चिमेकडच्या फळ्यांचे फोटो पाहिले. नुसतं घासून वरून एक हात मारायला रंगाऱ्याला सांगू नकोस. पुढच्या पावसाळ्यात तेच फोड पुन्हा येतील.

आधी एक फोड ब्लेडने कापून आत बघ. तळाशी उघडं लाकूड दिसलं, तर पाणी मागून येतंय. खाली जुना रंग शाबूत असेल, तर तापलेल्या फळीवर रंग मारला गेलाय: वरची साय लगेच वाळते आणि आत अडकलेलं टर्पेंटाइन वाफ होऊन तिला फुगवतं. तुझ्याकडे फोड खिडकीखाली आणि फळ्यांच्या खालच्या टोकांशी दाटलेत, म्हणून मला पाण्याचाच संशय येतो. चौकटीखालची फट, पन्हळीचा सांधा आणि मागे न्हाणीघर असेल तर त्याची भिंत तपास. ती गळती थांबेपर्यंत रंगाचा डबा उघडूच नये.

जुन्या थरांत शिसं असू शकतं. घरगुती रंगात ते 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत ठेवण्याचा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासूनच लागू झाला. म्हणून ब्लोलॅम्पने जाळायचं नाही, कोरडं घासायचं नाही. फळी किंचित ओलसर करून खरवडा, धुळीचा चांगला मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा, पोरांना लांब ठेवा.

मग लाकूड वाळू दे. उघड्या फळीवर वीतभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटव. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर अजून थांब. मॉइश्चर मीटर मिळाला तर आकडा 15 टक्क्यांच्या खाली हवा. पाऊस गेला तरी जाड लाकूड लगेच वाळत नाही, त्यामुळे नोव्हेंबर संपता संपता काम काढ.

शाबूत रंगाची कड 80 नंबरच्या, मग 120 च्या पॉलिश पेपरने, तीही ओलसर करूनच, उतरती कर. बोट फिरवलं की पायरी लागता कामा नये. फळी पुन्हा वाळली की वुड प्रायमर लाव. फळीचं कापलेलं टोक सगळ्यात जास्त पाणी पितं आणि नेमकं तेच कोरं सोडतात. तिथे दोन हात दे. भेगा-खड्डे बुजवायची लांबी (पुट्टी) प्रायमरनंतरच भर, कोरं लाकूड तिच्यातलं तेल ओढून घेतं आणि ती तडकते. वर ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये 24 तास. लिटरमागे एका हाताला साधारण 100 चौरस फूट धर.

ही भिंत सकाळीच रंगवून घे, दुपारचं ऊन येण्याआधी. संध्याकाळी ब्रश लावू देऊ नकोस. थंडीत रात्री दव पडतं आणि ओल्या रंगाची चकाकी जाते.

फोड कापलास की आतला फोटो पाठव.

तुझा,
अनंता