लाडक्या कलाकाराच्या नव्या मालिकेची बातमी पुरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या मालिकेची बातमी मनोरंजन पानावर येते तेव्हा कलाकाराचा मोठा फोटो असतो, त्याखाली 'छोट्या पडद्यावर पुनरागमन' अशी ओळ असते आणि मालिका कधी सुरू होणार ती तारीख असते. मालिका लिहिली कोणी, पहिल्या पर्वाचे भाग किती, त्या कलाकाराचं काम पर्वभर आहे की चार भागांपुरतं, हे मात्र कुठेच नसतं. ज्या प्रेक्षकाने केवळ त्या चेहऱ्यासाठी वेळ काढायचं ठरवलंय, त्याला नेमकं हेच कळायला हवं. ते न कळल्यामुळे तो जुन्या भूमिकेची आस धरून बसतो आणि दुसऱ्या भागाला 'आता पूर्वीची मजा नाही' म्हणत उठतो. बिचाऱ्या कलाकाराचा त्यात बहुतेक वेळा काही दोष नसतो.

'फ्रेंड्स' या अमेरिकी विनोदी मालिकेत भाबड्या जोईचं काम करणाऱ्या मॅट लब्लांक यांचं उदाहरण घेण्यासारखं आहे. 'फ्रेंड्स' मे २००४ मध्ये संपली आणि त्याच सप्टेंबरात त्यांची 'जोई' सुरू झाली. अभिनेता तोच, पात्र तेच, वाहिनीसुद्धा तीच. तरी दोन पर्वांतच मालिका आटोपली. तयार झालेल्या ४६ भागांपैकी शेवटचे ८ अमेरिकेत त्या वेळी दाखवलेही गेले नाहीत. 'फ्रेंड्स'मध्ये जोईचा भाबडेपणा खुलायचा तो समोर मित्र चँडलरचा टोमणा आणि मैत्रीण मोनिकाचा वैताग असायचा म्हणून. त्याला एकट्याला नायक केल्यावर सगळा भाग त्या भाबडेपणावर तोलावा लागला आणि तेवढं वजन त्याला पेललं नाही. पुढे २०११ मध्ये 'एपिसोड्स' आली. 'फ्रेंड्स'च्या दोन जनकांपैकी डेव्हिड क्रेन यांनी ती जेफ्री क्लॅरिक यांच्यासोबत उभी केली होती. तीत लब्लांक यांनी स्वतःचीच एक कल्पित, बरीच स्वार्थी आवृत्ती साकारली आणि त्यासाठी त्यांना गोल्डन ग्लोब मिळाला. जोईलाच पुन्हा भेटायला आलेला प्रेक्षक इथे बुचकळ्यात पडला असेल. लब्लांकना बघायला आलेल्याला मात्र त्यांचं उत्तम काम मिळालं.

म्हणून नवी मालिका लावण्याआधी एक छोटं काम करावं. जुन्या मालिकेतला आपला सगळ्यात आवडता प्रसंग काढावा आणि या खेपेला आपल्या कलाकाराकडे न बघता समोरच्यांकडे बघावं. हसू नेमकं कोणाच्या वाक्यावर येतं? आधीचं वाक्य कोणी टाकलं? कलाकार गप्प असताना कॅमेरा कुठे असतो? असे तीन-चार प्रसंग पाहिले की आपल्याला अभिनेता आवडत होता, जोडी आवडत होती की लिखाण, हे बऱ्यापैकी उलगडतं. जोडी आवडत असेल तर नव्या मालिकेकडून ती मागणं गैर आहे. केल्सी ग्रामर २०२३ मध्ये जुन्या 'फ्रेझियर' मालिकेतल्या त्याच नावाच्या भूमिकेत परतले, पण फ्रेझियरचा भाऊ नाइल्स साकारणारे डेव्हिड हाइड पियर्स आले नाहीत आणि वडिलांचं काम करणारे जॉन महोनी २०१८ मध्येच गेले होते. नवी 'फ्रेझियर' दोन पर्वं, २० भाग चालली. भावांची ती जुगलबंदी तीत शोधणाऱ्याला ती सापडणार नव्हतीच.

लिखाण आवडत असेल तर मात्र माग काढता येतो. श्रेयनामावलीत 'कार्यकारी निर्माता' म्हणून पाच-सहा नावं असतात, त्यांवर जाऊ नये. ते श्रेय पैसा लावणाऱ्याला मिळतं, व्यवस्थापकाला मिळतं, कधी कलाकाराला स्वतःलाही मिळतं. बघायचं ते मालिकेच्या जनकाचं नाव आणि लेखकांच्या खोलीचा प्रमुख, म्हणजे शोरनर, कोण ते. पहिला भाग बहुधा जनकाच्याच हातचा असतो. तिसरा-चौथा भाग कोणी लिहिलाय ते पाहिलं की पुढे मालिका कोणाच्या हातात असेल याचा अंदाज येतो. ब्रायन क्रॅन्स्टन यांना जग 'माल्कम इन द मिडल'मधला विनोदी बाप म्हणून ओळखत होतं. 'ब्रेकिंग बॅड' या गंभीर गुन्हेकथेच्या नायकासाठी त्यांचं नाव पुढे आलं तेव्हा वाहिनीचे अधिकारी साशंक होते. लेखक व्हिन्स गिलिगन यांनी त्यांना 'द एक्स-फाइल्स'चा १९९८ मधला एक भाग दाखवला. तो गिलिगन यांनीच लिहिलेला होता आणि त्यात क्रॅन्स्टन यांनी एका तिरस्करणीय माणसाबद्दल कणव वाटायला लावली होती. आधीची भूमिका न बघता आधीचा लेखक बघणाऱ्याला २००८ मध्ये 'ब्रेकिंग बॅड' आली तेव्हा धक्का बसला नसता. शोरनर मध्येच बदलतो, हेही ध्यानात असू द्यावं. 'वीप' या राजकीय विनोदी मालिकेचे जनक आर्मांडो इयानुची चौथ्या पर्वानंतर बाजूला झाले आणि डेव्हिड मँडेल आले. अशा वेळी नवं पर्व जवळपास नवी मालिका समजूनच बघावं.

भूमिका केवढी आहे, हे नावांच्या क्रमावरून कळतं. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत नाव असेल तर तो नियमित कलाकार. नियमित नावांच्या शेवटी 'आणि' किंवा 'सोबत' लावून आलेलं नाव बहुधा मोठ्या माणसाचं असतं, पण काम छोटं असू शकतं. भाग सुरू झाल्यावर 'पाहुणा कलाकार' म्हणून नाव आलं तर तो माणूस एका-दोन भागांत दिसून जाईल असंच धरावं. जाहिरातीवर तर अजिबात विसंबू नये. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या २०११ मधल्या पोस्टरवर सिंहासनावर शॉन बीन बसलेले होते, आणि त्यांचं पात्र दहापैकी नवव्या भागात मारलं गेलं. कथेसाठी ते अचूकच होतं. पण केवळ बीन यांच्यासाठी आलेल्यांना पुढच्या पर्वांत त्यांच्याविना राहावं लागलं.

आता 'किती भाग बघून ठरवायचं' हा प्रश्न. इथे फार गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अमेरिकी पद्धतीत पहिला भाग, म्हणजे पायलट, वाहिनीला मालिका विकण्यासाठी बनतो आणि पुढच्या भागांच्या कित्येक महिने आधी चित्रित होतो. २२ किंवा ४४ मिनिटांत सगळ्या पात्रांची ओळख करून द्यायची असल्याने त्यात माणसं स्वतःबद्दल जरा जास्तच बोलतात. मंजुरीनंतर कधी कलाकार बदलतात, कधी सेट. दुसरा आणि तिसरा भाग नव्याने आलेल्यांसाठी तीच मांडणी पुन्हा करतात. शिवाय सुरुवातीच्या संहिता कलाकाराला त्या पात्रात बोलताना फारसं न ऐकताच लिहिलेल्या असतात. त्याची लय, त्याचं थांबणं, कोणता शब्द त्याच्या तोंडी शोभतो, हे लेखकांना चित्रीकरण बघत बघत उमगतं आणि लिखाणात उतरायला पाच-सहा भाग जातात. एमी पोलर यांच्या 'पार्क्स अँड रिक्रिएशन'चं २००९ मधलं पहिलं पर्व सहाच भागांचं होतं. त्यात पोलर यांचं पात्र, लेस्ली नोप, हास्यास्पद वाटते. दुसऱ्या पर्वापासून लेखकांनी तिला कामात हुशार आणि जिद्दी केलं, आणि मालिका सात पर्वं चालली. तिसऱ्या भागाला सोडून गेलेल्याने पोलर यांचं खरं काम पाहिलंच नाही.

तेव्हा वीस-बावीस मिनिटांच्या विनोदी मालिकेला सहा भाग द्यावेत आणि पायलट हिशेबात धरू नये. तासाभराच्या, दर भागात नवं प्रकरण असणाऱ्या मालिकेला चार पुरेत. ओटीटीवरची आठ भागांची सलग कथा असेल तर दोन भागांतच निर्णय घ्यावा. तिथे सगळ्या संहिता बहुधा चित्रीकरणाआधीच लिहून झालेल्या असतात, त्यामुळे पर्वाच्या मधोमध सुधारणा होण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो. ती झालीच तर दुसऱ्या पर्वात होते आणि ते यायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. रोजच्या मालिकांत उलट असतं. संहिता चित्रीकरणाच्या अगदी तोंडावर येतात आणि भूमिकेचा आकार टीआरपीप्रमाणे वाढतो किंवा आटतो. तिथे महिन्याने पुन्हा एकदा डोकावणं बरं.

कॅमेऱ्यांची पद्धतही बघावी. प्रेक्षकांसमोर, अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित झालेल्या मालिकेत कलाकार हशा ओसरेपर्यंत थांबायला शिकलेला असतो. हशा नसलेल्या मालिकेत तीच सवय संथ वाटते. ज्युलिया लुई-ड्रायफस त्यांची गाजलेली विनोदी मालिका 'साइनफेल्ड' १९९८ मध्ये संपल्यावर २००२ मध्ये 'वॉचिंग एली' घेऊन आल्या. तिचं पहिलं पर्व हशाविना, प्रत्यक्ष वेळेत, म्हणजे भाग जेवढा वेळ चालतो तेवढ्याच वेळात घडणारं होतं आणि पडद्यावर घड्याळही चालायचं. दुसऱ्या पर्वात ती प्रेक्षकांसमोरची नेहमीची विनोदी मालिका केली गेली, तरी टिकली नाही. तेव्हा 'साइनफेल्ड'च्या कलाकारांना पुढे यश मिळत नाही अशा अर्थाने 'साइनफेल्डचा शाप' वगैरे छापून आलं. नंतर २००६ ते २०१० 'द न्यू अॅडव्हेंचर्स ऑफ ओल्ड क्रिस्टीन' चालली आणि 'वीप'मधल्या कामासाठी त्यांनी लागोपाठ सहा एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचे मोठे पुरस्कार, मिळवले. शाप म्हणणाऱ्यांनी एका मालिकेवरून कलाकाराचं भविष्य मांडलं होतं.

'एवढ्या मोठ्या कलाकाराने हे स्वीकारलंच का?' असं वाचकपत्रांतूनही विचारलं जातं. अमेरिकेत नियमित कलाकाराचा करार पायलटच्या आधी होतो आणि त्यात सहा-सात वर्षांचे पर्याय निर्मात्याच्या हाती असतात. सही करताना कलाकाराने अनेकदा एकच संहिता वाचलेली असते. बाराव्या भागात पात्राचं काय केलं जाईल हे त्यालाही ठाऊक नसतं. त्याला जाब विचारण्याआधी एवढं तरी आठवावं.

आपल्याकडे मागणं एवढंच, की अशा बातमीच्या शेवटी चार ओळींची चौकट द्यावी: मालिकेचे जनक आणि मुख्य लेखक, पहिल्या पर्वाचे भाग आणि प्रत्येकाची लांबी, कलाकार नियमित की पाहुणा, आणि मालिका साप्ताहिक, दैनिक की सगळे भाग एकदम. ही माहिती वाहिनीच्या प्रसिद्धिपत्रकात बहुतेक असतेच, नसेल तर विचारल्यावर मिळते. आणि परीक्षण पायलटवर न छापता विनोदी मालिकेचं सहाव्या भागानंतर छापावं. पहिल्या दिवशी फक्त ही चौकट पुरे.

आपली,
एक वाचक