‘ने’ म्हणजे हो, ‘ने’ म्हणजे नाही

ड्युसेलडॉर्फ (जर्मनी), रविवार दुपार

ती. अण्णांना,
सा. न. वि. वि.

आईच्या गुडघ्याची सूज उतरली आणि ती पुन्हा जिना चढू लागली, हे वाचून जीव भांड्यात पडला. तिला म्हणावं, बरं वाटलं म्हणून व्यायाम सोडू नकोस. इथे थंडी ओसरलीय आणि ऱ्हाईनच्या काठी लोक उन्हात बसायला लागलेत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. दादाने तुम्हाला दाखवलेली शब्दांची यादी मी नीट वाचली. कोरियन मुलं वडिलांना ‘आप्पा’ म्हणतात, तुर्की मुलं ‘बाबा’ म्हणतात, जपानी माणूस वाक्याच्या शेवटी आपल्या ‘ना?’सारखं ‘ने?’ लावतो, तेव्हा या सगळ्या भाषा आपल्याकडूनच गेल्या असणार, असं त्यात म्हटलंय. हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते खरं नाही. तुम्ही जन्मभर संस्कृत शिकवलंत, म्हणून तुम्हाला एका ओळीत उत्तर देऊन भागायचं नाही. ‘ने’ हे एकच अक्षर घेते. ते माझ्या कानावर रोज पडतं.

मी ज्या वृद्धाश्रमात काम करते, तिथे निम्मं जग जमलंय. त्याला कारण आहे. युद्धानंतर पश्चिम जर्मनीला कामगार हवे होते. १९५५ साली इटलीशी करार झाला, १९६० साली ग्रीसशी, १९६१ साली तुर्कस्तानशी, १९६८ साली युगोस्लाव्हियाशी. कोरियातून १९६३पासून खाणकामगार आले, मागोमाग नर्सेस आल्या. आली तेव्हा विशी-पंचविशीत असलेली ती माणसं आता थकली आणि आमच्याकडे राहायला आलीत. जपान्यांची गोष्ट निराळी. ते इथे व्यापारासाठी आले, आणि स्टेशनजवळच्या इमरमानश्ट्रासे या रस्त्यावर त्यांची दुकानं, खाणावळी आजही गजबजलेल्या असतात.

तर या इमारतीत ‘ने’ म्हटलं की काय समजायचं? जर्मन म्हातारी लांबवून ‘नेऽ’ म्हणाली, तर ‘नाही’. तीच बाई वाक्याच्या शेवटी तुटक ‘ने?’ म्हणाली, तर ‘हो ना?’ माझी बॉस्नियाची सहकारी ‘ने’ म्हणते तेव्हा साफ नकार. ग्रीक माणसाचं ‘ने’ म्हणजे ‘हो’. कोरियन बाईंचंही ‘हो’. तुर्की आजोबा ‘ने?’ विचारतात तेव्हा ‘काय?’ हंगेरियन आई पोराला ‘ने!’ म्हणते ती ‘असं करू नकोस’ या अर्थाने, म्हणजे संस्कृतातल्या ‘मा’च्या जागी. फिनलंडमध्ये ‘ने’ म्हणजे ‘ते’, अनेकवचनी. आणि मी फोनवर धाकटीला सांगते, “तो डबा ने,” तेव्हा आपलं ‘ने’ उचलून चालायला लागतं.

वाचायला ही गंमत वाटेल, पण आमच्या कामात ती गंमत राहत नाही. एक ग्रीक आजोबा आहेत. कारखान्यात नोकरी झाली, जर्मन चांगलं बोलायचे. डिमेन्शिया झाला की नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी सुटते आणि लहानपणची मागे उरते. तसं त्यांचं झालं. पाणी हवं का, असं जर्मनमधून विचारलं की प्रश्न त्यांना कळायचा, पण उत्तर ग्रीकमधून यायचं: “ने.” विचारणारी मुलगी पेला उचलून घेऊन जायची. तिच्या कानाला तो नकारच होता, आणि बॉस्नियाच्या सहकारीच्या कानालाही. आजोबा चिडायचे, पलंगाच्या कठड्यावर हात आपटायचे. फाईलमध्ये ‘पाणी घेत नाहीत, चिडचिड करतात’ अशा नोंदी पडत गेल्या. ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या पोटात पाणी गेलं नाही तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. एका रविवारी त्यांची लेक समोर असताना हाच प्रकार झाला आणि ती ताडकन उठली. “अहो, ते हो म्हणतायत!”

आता त्यांच्या उशाशी मोठ्या अक्षरांत कार्ड लावलंय: ‘ने’ म्हणजे हो, ‘ओही’ म्हणजे नाही. मान वर झटकून जिभेने ‘च्’ केलं तरी नाही. हे शेवटचं मला कुणी सांगावं लागलं नसतं. आपल्या गावाकडेही कितीतरी माणसं तोंड न उघडता तसंच ‘नाही’ म्हणतात.

दोन खोल्या सोडून कोरियन बाई आहेत. त्या स्वतः नर्स होत्या. त्यांचं कार्ड लिहिणं जास्त अवघड गेलं. त्यांचं ‘ने’ हो आहे खरं, पण कधी ते नुसतं ‘ऐकतेय’ असतं, आणि सूर वर गेला तर ‘काय म्हणालात?’ असतं. शिवाय ‘गोळी घेतली नाहीत का?’ असं विचारलं आणि त्या ‘ने’ म्हणाल्या, तर अर्थ होतो ‘बरोबर, नाही घेतली’. आपणही ‘हो, नाही घेतली’ म्हणतोच की. जर्मन माणूस मात्र घेतली नसेल तर ‘नाइन’ म्हणेल आणि घेतली असेल तर ‘डॉख’. एवढ्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र शब्द ठेवलाय! म्हणून आम्ही ठरवलंय की नकारार्थी प्रश्न विचारायचाच नाही.

आता नात्यागोत्याचं. बॉस्नियन ही स्लाव्ह भाषा; तिचं ‘ने’ आणि आपला ‘न’ हे खरोखर एका घरचे. जर्मन ‘नाइन’मध्येही तोच जुना ‘न’ बसलाय: ‘न’ अधिक ‘एक’, म्हणजे ‘एकही नाही’. ग्रीक ‘ने’ मात्र त्या घरचं नाही, ग्रीक भाषा आपल्या, म्हणजे संस्कृत-मराठीच्या, भाषाकुळातली असूनसुद्धा. जुन्या ग्रीकमध्ये त्याचा उच्चार ‘नाइ’ असा होता. पुढे त्या भाषेतला ‘आइ’ सगळीकडेच ‘ए’ झाला, आणि ‘हो’चा शब्द शेजारच्या स्लाव्ह लोकांच्या ‘नाही’शी जुळून बसला. कोरियन आणि जपानी ‘ने’ तर आपल्या कुळाशी काही संबंध नसलेल्या भाषांमधले. तुर्कीत आणखी मजा आहे. तिथे दोन ‘ने’ आहेत. ‘काय?’ विचारणारं ‘ने’ अस्सल तुर्की. पण ‘ने हे, ने ते’ म्हणजे ‘ना हे, ना ते’, यातलं ‘ने’ फारसीतून उसनं घेतलेलं, म्हणून ते दूरून का होईना आपल्या ‘ना’चं भावंड. एकाच तोंडात एकाच उच्चाराचं एक नातेवाईक आणि एक परकं!

असं का होतं, ते दादाला समजवा. जगात सुमारे सात हजार भाषा आहेत. एक व्यंजन आणि एक स्वर जोडून होणारी अक्षरं बहुतेक भाषांत फार तर काही शे. आणि दिवसात शंभरदा लागणारे शब्द, हो, नाही, काय, ना, हे सगळीकडे झिजून तेवढेच आखूड झालेले असतात. मग ते एकमेकांवर आदळणारच. न आदळते तर नवल होतं. ‘आप्पा’-‘बाबा’चं कारण वेगळं. ते आवाज तान्ह्या मुलांना आधी जमतात आणि आईबाप ते आपल्याला लावून घेतात. कुणाच्या वाट्याला कुठला आवाज येईल, तेही ठरलेलं नाही. जॉर्जियात ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई.

खरी नाती अशी तोंडावर दिसत नाहीत. संस्कृत पाद, जर्मन ‘फूस’. पञ्च, ‘फ्युन्फ’. पितृ, ‘फाटर’. पशु, ‘फी’, म्हणजे गुरंढोरं. ऐकायला लांबचे, पण आपल्या ‘प’च्या जागी तिकडे शब्दामागून शब्दात ‘फ’ येतो. हा मेळ याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८२२ साली नियम म्हणून मांडला. एका शब्दाचं सारखं दिसणं काहीच सिद्ध करत नाही; शब्दांच्या रांगाच्या रांगा एकाच रीतीने बदललेल्या दिसल्या, तर नातं. संस्कृतचा मोठेपणा या रांगांमध्ये आहे. तो असल्या याद्यांवर उभा करायला लागू नये, असं मला मनापासून वाटतं. त्याने आपल्याच भाषेचा अभ्यास उथळ होतो.

आणि परदेशात तरी कशाला जायचं? तुम्हीच माझ्याकडून निरुक्तातलं, म्हणजे यास्काचार्यांच्या वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथातलं, वाक्य पाठ करून घेतलं होतंत: ‘नेति प्रतिषेधार्थीयो भाषायाम्। उभयमन्वध्यायम्।’ बोलीत ‘न’ म्हणजे नाही, वेदात मात्र दोन्ही. ‘नेन्द्रं देवममंसत’ इथे नकार, इंद्राला देव मानलं नाही, आणि ‘दुर्मदासो न सुरायाम्’ इथे ‘सारखे’, दारू पिऊन माजलेल्यांसारखे. एकाच भाषेत, एकाच संहितेत ‘नाही’ आणि ‘सारखं’ हे एकाच अक्षरात! यास्काचार्य ते ओळखायची खूणही देतात: नाकारायचं त्याच्या आधी आला तर निषेध, ज्याची उपमा द्यायची त्याच्या मागून आला तर उपमा. शाळेत असताना मला ती घोकंपट्टी वाटायची. आता वाटतं, आमच्या मजल्यावर ‘ने’ ऐकताना हेच तर करावं लागतं. आधी काय विचारलं होतं, सूर कुठे गेला, हात पेल्याकडे सरकतोय की मागे येतोय, सगळं मिळून बघायचं.

मराठीतही आहेच. ‘नेणे’ म्हणजे घेऊन जाणे, आणि संतांच्या ओवी-अभंगांतलं ‘नेणे’ म्हणजे न जाणणे. ‘जाणते-नेणते’ आपण अजूनही म्हणतो.

तुमच्याकडे एक काम आहे. उपमेचा ‘न’ येतो अशा आणखी चार-पाच ऋचा अर्थासह काढून पाठवाल का? इथल्या नव्या मुलींना मी महिन्यातून एकदा या कार्डांविषयी सांगते, त्यात मला एक तरी उदाहरण आपल्याकडचं सांगायचंय. यास्कांची खूण जर्मनमध्ये कशी मांडायची, ते मी बघते. अक्षर मोठं काढा, आणि डोळ्यांना ताण देऊ नका. दादाला हे पत्र जरूर वाचायला द्या, पण त्याला रागावू नका. शब्दांची ओढ आहे म्हणून तर तो याद्या जमवतो. त्याला ‘प’ आणि ‘फ’च्या जोड्या शोधायला लावा, तो रमेल.

आईला नमस्कार, धाकटीला आशीर्वाद. लोणच्याची बरणी नीट पोचली, फुटली नाही.

तुमची,
सुमा