जुनी मोटार घेणाऱ्यांनी खालचा पत्रा आधी पाहावा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या आणि त्यांच्यामागोमाग आमच्या पेडणे तालुक्यात जुन्या गाड्यांचे भावही खाली आले. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी दारात येऊन, ‘मास्तर, दोन लाखांत चांगली गाडी मिळते आहे, घेऊ काय?’ असे विचारते. मला विचारण्याचे कारण एवढेच, की मी एकच सेकंड हँड गाडी साडेअकरा वर्षे वापरतो आहे आणि तिचा हिशेब ठेवला आहे. विचारणारे सगळे किमतीबद्दल बोलतात, पुढच्या दहा वर्षांच्या खर्चाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मे २०१४ मध्ये मी २००९ सालची, पेट्रोलवर चालणारी एक लहान मोटार १ लाख ८५ हजार रुपयांना घेतली. तेव्हा ती ४८ हजार किलोमीटर चालली होती. आज मीटरवर १ लाख ३१ हजारांचा आकडा आहे. पहिल्या दिवसापासून गाडीवर झालेला प्रत्येक खर्च मी एका दोनशे पानी वहीत तारीखवार लिहीत आलो. या दिवाळीनंतर बेरीज केली, तेव्हा पेट्रोल वगळून विमा, दरवर्षीचे सर्व्हिसिंग, टायर, बॅटऱ्या, क्लच, सस्पेन्शन, एसी, पत्र्याचे काम आणि नोंदणीचे नूतनीकरण मिळून २ लाख ६१ हजार रुपये झाले, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा ७६ हजारांनी जास्त. महिन्याला भागून पाहिले तर दोन हजारांच्या आत आणि किलोमीटरमागे तीन रुपये चौदा पैसे पडतात. निवृत्त शिक्षकाच्या घराला हा खर्च झेपला आणि गाडीने आम्हाला रुग्णालयाच्या दारापासून मुलीच्या सासरपर्यंत सगळीकडे नेले. गाडी घेतल्याचा पश्चात्ताप मला नाही.

महिन्याच्या सरासरीवर मात्र कोणी विसंबू नये, कारण खर्च तसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. २०१६ साली विमा धरून पुरते दहा हजारही लागले नाहीत. २०१९ साली मात्र टायर १४ हजार, क्लच ११ हजार आणि पत्र्याचे काम ३१ हजार असे ५६ हजार रुपये चार महिन्यांत गेले. अशाच वेळी माणसे गाडी पडेल भावात विकून मोकळी होतात आणि अर्धवट राहिलेली कामे पुढच्या मालकाच्या गळ्यात पडतात. बाजारात स्वस्त दिसणाऱ्या बऱ्याच गाड्या याच टप्प्यावरच्या असतात, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून विचारायला येणाऱ्याला मी दोन गोष्टी सांगतो. किमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढी रक्कम पहिल्या वर्षीच्या कामांसाठी वेगळी ठेवूनच व्यवहार करावा, आणि गाडी दारात आली त्या महिन्यापासून पतसंस्थेत दोन हजारांची आवर्त ठेव सुरू करावी. मी ती २०२० मध्ये सुरू केली. सहा वर्षे आधी करायला हवी होती.

आता पत्र्याविषयी. इंजिनची दुरुस्ती गोव्यात कोठेही होते, सुटे भागही मिळतात. पण एकदा पत्रा गेला की गाडी गेली. आमचे घर समुद्रापासून कोसभरही दूर नाही. वाऱ्यातून येणारे मीठ, चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि चाकांच्या कमानीत चिकटून महिनोन्महिने ओली राहणारी तांबडी माती या तिन्हींच्या मारात गाडीचा खालचा भाग वरचा रंग उडण्याच्या कितीतरी आधी कुजायला लागतो. जुलै २०१९ मध्ये माझ्या गाडीत कुबट वास येऊ लागला आणि पायाखालचे कार्पेट दाबले की चपलेला पाणी लागायचे. म्हापशातल्या मेकॅनिकने चालकाची सीट काढली आणि कार्पेट उचलले. खालचे जाड नमद्यासारखे अस्तर भिजलेल्या स्पंजप्रमाणे पाणी धरून होते. माझी टाच जेथे टेकते, तेथे त्याने स्क्रूड्रायव्हरचे टोक नुसते दाबले, तर ते मुठीपर्यंत आरपार गेले. ते काढून घेतल्यावर त्या भोकातून गॅरेजमधली फरशी दिसत होती.

पाणी वरून आले होते. गाडी मी अंगणातल्या आंब्याखाली उभी करत असे. पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी एक जाळी असते आणि तिच्या आत पाणी वाहून जाण्याची पन्हळ असते. पाच वर्षांची पाने त्या पन्हळीत कुजून तिचे तोंड बुजले होते, त्यामुळे पावसाचे पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरत होते. कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे, प्रायमर, सांध्यांचे सीलंट आणि वरून कोटिंग यांत ३१ हजार गेले. ती पाने काढायला आठवड्यातून दहा मिनिटे पुरतात. दारांच्या खालच्या कडेलाही पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की दारे आतून गंजतात. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि चतुर्थीनंतर एकदा मी ती काडीने मोकळी करतो. अंडरबॉडी कोटिंग अवश्य करावे, पण गंज घासून काढल्याशिवाय त्यावर काळा थर मारून घेऊ नये, कारण मग ओल आत कोंडते आणि पत्रा दिसेनासा होऊन कुजत राहतो. विकायला काढलेल्या गाडीच्या खाली ताजे, चकचकीत काळे कोटिंग दिसले की मला आधी शंका येते.

माझ्या मुलीचे सासर सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला असल्यामुळे केरी-तेरेखोल फेरीबोटीने आमचे जाणे-येणे होते. भरतीच्या वेळी फेरीवर चढता-उतरताना खारे पाणी थेट गाडीच्या पोटाला लागते. घरी आल्यावर विहिरीचे गोडे पाणी पाइपने खालून मारण्याचा नेम मी कधी चुकवत नाही, आणि खाडी ओलांडणाऱ्या प्रत्येकाने तो ठेवावा.

आमच्याकडे आणखी एक गैरसमज घट्ट रुजला आहे, तो म्हणजे कमी चाललेली गाडी चांगली. बोटीवर किंवा आखातात कामाला असलेल्यांच्या गाड्या वर्षातले आठ-दहा महिने आवारात झाकून उभ्या असतात. मीटर २५ हजार दाखवते, पण बॅटरी मेलेली असते, टायर उन्हाने चिरलेले असतात, उंदरांनी वायरिंग कुरतडलेले असते आणि हँडब्रेक ओढून पावसाळाभर ठेवल्यामुळे मागचे ब्रेक शू ड्रमला धरलेले असतात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही खोल असली, तरी सहा-सात वर्षांचा टायर मी बदलण्याच्या खर्चात धरतो. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे आपल्या हवेत ते दर दोन वर्षांनी बदलावेच लागते, गाडी चालो वा न चालो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा आणि शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा थोडी फिरवून आणायला सांगावे.

सर्व्हिसिंगबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. इंजिन ऑईल आणि फिल्टर वेळेवर बदलावेत, कूलंटच्या जागी नळाचे पाणी कधी घालू नये आणि तापमानाचा काटा चढू लागला तर ‘घरापर्यंत जाऊ’ असे न म्हणता गाडी तेथेच थांबवावी. तीन-चार हजारांच्या रेडिएटरपायी हेड गॅस्केट आणि पुढे सगळे इंजिन घालवलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांचे रबरी पाइप आणि गॅस्केट या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, तेव्हा दरवर्षी ते तपासून घ्यावेत आणि पेट्रोलचा वास आला तर वाट पाहू नये.

मेकॅनिक एकच धरावा. माझ्या गाडीचा कोणता बुश कधी बदलला आणि कोणता अजून वर्षभर चालेल, हे तो पाहिल्या पाहिल्या सांगतो, आणि ‘हे काम आता नको’ असेही सांगतो. त्या एका वाक्याने माझे किती पैसे वाचले, त्याची नोंद वहीत नाही.

कागदपत्रांचा खर्चही लोक धरत नाहीत. सावंतवाडी किंवा बेळगावहून स्वस्तात आणलेली गाडी येथे बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची, तर तिची पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी तिकडच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि इकडचा रस्ताकर भरावा लागतो. वाचलेले तीस-चाळीस हजार त्यात जातात. दिल्लीकडून येणाऱ्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचेही तेच. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आपल्याला मिळत नाही, त्यामुळे त्याचा जुना हप्ता पाहून आपला अंदाज बांधू नये. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या गाड्या पुढे खासगी नोंदणीत येऊन विकल्या जातात; तसा संशय असेल तर नोंदणीचा पूर्वीचा इतिहास मागून घ्यावा. विकणाऱ्यानेही नाव बदलण्याचे काम एजंटवर सोडून निर्धास्त राहू नये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईपुरता मालक धरला जाईल.

या बाबतीत ग्राहकाला आधार देणारा एक नियम आहे, तो फारच थोड्यांना ठाऊक आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक आहे, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची रीतसर सूचना खात्याकडे गेली की विकेपर्यंत तोच तिचा मालक मानला जातो. अशा अधिकृत विक्रेत्यांची तालुकावार यादी परिवहन खात्याने आपल्यासारख्या दैनिकांतून प्रसिद्ध करावी, आणि विक्रीच्या वेळी सर्व्हिस रेकॉर्ड व विम्याच्या दाव्यांचा तपशील खरेदीदाराला लेखी देण्याचे बंधन त्यांच्यावर घालावे. रेकॉर्ड नसेल, तर ‘नाही’ असे लिहून द्यावे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. दिल्लीतल्या बातम्या वाचून पंधरा वर्षांची गाडी येथेही भंगारात काढावी लागते, असे अनेकांना वाटते, ते खरे नाही. एप्रिल २०२२ मध्ये नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजार झाले. २०२४ मध्ये मी ५ हजार आनंदाने भरले. तपासणीच्या वेळी चॅसिस क्रमांक, दिवे, हॉर्न, पीयूसी आणि विमा पाहिला गेला, पण गाडीच्या खाली कोणी वाकून पाहिले नाही. माझा पत्रा नवा होता, म्हणून मला चिंता नव्हती. माझ्यामागे रांगेत असलेल्या गाडीच्या दाराखालच्या कडेतून गंजाचे पापुद्रे जमिनीवर पडत होते आणि तीही पाच वर्षांसाठी उत्तीर्ण झाली. अशी गाडी नंतर नव्या रंगात कोणा गरजूला दोन लाखांना विकली जाणार, आणि अपघात झाला तर तो कुजलेला पत्रा आतल्या माणसांना वाचवू शकणार नाही. समुद्रकाठच्या राज्यात तरी नूतनीकरणाच्या वेळी गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घेऊन खालचा पत्रा तपासणे सक्तीचे करावे आणि त्याचा शेरा नोंदणीच्या कागदावर लिहावा, अशी परिवहन खात्याला आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
मांद्रे, पेडणे